जगाचे प्रतिमान आणि गावची विहीर

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की पदव्युत्तर वर्गाचे काही विद्यार्थी लघुप्रबंधाचा विषय घेऊन आमच्याकडे येतात. त्यांतल्या दोघातिघांना 'प्रणाली गतिकी' म्हणजे सिस्टिम डायनॅमिक्स या पद्धतीने काम करायचे असते. हातातल्या कागदावर शीर्षक आधीच टंकलिखित केलेले असते. 'महाराष्ट्राच्या शाश्वत विकासाचे गतिकीय प्रतिमान', 'शहरी वाहतूक व्यवस्थेचे समग्र प्रतिमान', 'भारतीय ऊर्जाक्षेत्र : एक प्रणाली-दृष्टी'. शीर्षके भारदस्त असतात. प्रत्येकात एक व्यवस्था असते. मात्र एकाही शीर्षकात प्रश्न नसतो.

या लेखात आम्हाला जी तक्रार मांडायची आहे ती एवढीच. पण तिचा सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. या शाखेतील ज्या ग्रंथांची नावे सर्वतोमुखी झाली, त्यांनी चुकीचा आदर्श समोर ठेवला काय, हे तपासायला हवे. आणि विषय मंजूर करणाऱ्या आमच्यासारख्या मार्गदर्शकांचीही तपासणी व्हायला हवी. ती आम्ही पुढे करणारच आहोत.

हौद, तोटी आणि उशीर

प्रथम ही पद्धत काय आहे ते थोडक्यात पाहू. एक हौद घ्या. त्यात तोटीने पाणी येते, मोरीने जाते. हौदातले पाणी म्हणजे साठा. येणारे व जाणारे पाणी म्हणजे प्रवाह. लोकसंख्या, बँकेतली शिल्लक, गोदामातला माल, कारखान्यातले कामगार हे सारे साठेच आहेत. साठा एका क्षणात बदलत नाही. त्याला प्रवाहातूनच वाढावे वा घटावे लागते.

आता हौद भरत आला की कोणीतरी तोटी बंद करतो. म्हणजे साठ्याची स्थिती पाहून प्रवाह ठरतो आणि प्रवाहामुळे पुन्हा साठा बदलतो. या वर्तुळाला प्रत्याभरण, म्हणजे रोजच्या भाषेत फीडबॅक म्हणतात. त्यात उशीराची भर पडली की गंमत सुरू होते. गीझर लांब असलेल्या न्हाणीघरात पाणी गार लागते म्हणून आपण गरम तोटी सोडतो. काही क्षण फरक पडत नाही, म्हणून आणखी सोडतो. मग एकदम चटका बसतो. घाईने तोटी आवळली की पुन्हा गारठा. गीझर बिघडलेला नसतो, पाणीपुरवठाही ठीक असतो. हेलकावा निर्माण होतो तो आपला निर्णय आणि नळीतला उशीर यांच्या संगतीतून.

प्रणाली गतिकीचा गाभा एवढाच आहे. बाहेरून कोणी धक्के देत नसतानाही एखादी व्यवस्था स्वतःच्या रचनेमुळेच का हेलकावते, का फुगते, का कोसळते, हे समीकरणे मांडून आणि संगणकावर चालवून पाहायचे. गणित फार कठीण नाही. बारावीच्या विद्यार्थ्याला ते समजावे. कठीण आहे ते कोणत्या वागणुकीचा उलगडा करायचा हे ठरवणे.

वहीच्या पानावरचे प्रतिमान

या शाखेचे जनक जे फॉरेस्टर हे मुळात विद्युत अभियंता. एमआयटीत त्यांनी 'व्हर्लविंड' हा संगणक उभारला आणि चुंबकीय गाभ्यांची स्मृती विकसित केली. १९५६ मध्ये ते तिथल्याच व्यवस्थापनशास्त्राच्या विभागात आले. तिथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लोकांकडून त्यांच्यापुढे एक कोडे आले. केंटकी राज्यातील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-तीन पाळ्यांत काम चाले, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी पाठवावे लागे. हे का? बाजारातील तेजीमंदीकडे बोट दाखवून कोणाचे समाधान होत नव्हते.

फॉरेस्टरनी माल किती शिल्लक ठेवायचा आणि कामगार केव्हा घ्यायचे हे कसे ठरवले जाते, ते विचारून घेतले. मग वहीच्या एका पानावर रकाने आखले. शिल्लक माल, कामगार, मागण्या. नेहमीचे निर्णयाचे नियम लावून ते हातानेच आठवड्यामागून आठवडा आकडे भरत गेले. त्यातून दिसले असे, की येणाऱ्या मागण्या स्थिर असल्या तरी कामगारांची संख्या हेलकावू शकते. रोग बाजारात नव्हता. तो कारखान्याच्या स्वतःच्या नियमांत होता. १९६१ च्या 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' या ग्रंथामागे ही वही आहे.

समीक्षकाच्या नजरेने या कामाकडे पाहिले तर तीन गुण दिसतात. प्रश्न एका वक्ररेषेत मावतो : आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर कामगार. तो प्रश्न कोणाला तरी छळत होता. आणि उत्तर चुकीचे ठरण्याची पुरेपूर शक्यता होती. कारण मागण्या स्थिर ठेवल्यावर हेलकावे थांबले असते, तर फॉरेस्टरना आपले म्हणणे मागे घ्यावे लागले असते. आज पडद्यावर दोनशे चले मांडणाऱ्या किती प्रबंधांत हे तीन गुण आढळतात?

डुकरांचे चक्र आणि नाशिकचा कांदा

विषयनिवडीचा याहूनही चांगला धडा डेनिस मेडोज यांच्या डॉक्टरेटच्या कामात आहे. ते १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. विषय होता शेतमालाच्या उत्पादनातील चक्रे, आणि त्यातले मुख्य उदाहरण डुकरांचे. भाव चढला की शेतकरी अधिक माद्या पैदाशीसाठी राखतो. त्यामुळे बाजारात येणारी जनावरे आधी कमी होतात व भाव आणखी चढतो. पुढे पिल्ले मोठी होऊन एकदम बाजारात येतात आणि भाव कोसळतो. मग सगळेच माद्या विकून टाकतात. चक्र पुन्हा सुरू होते.

हे सगळे अर्थशास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते. मग प्रबंध कशाचा? गर्भकाळ चार महिन्यांच्या आतबाहेर आणि वाढीचा काळ सुमारे सहा महिने, असा उत्पादनाचा उशीर वर्षाच्या आतलाच. त्या वेळच्या रूढ सिद्धान्ताप्रमाणे चक्राचा काळ या उशीराच्या दुप्पट, म्हणजे फार तर दोन वर्षे असायला हवा. प्रत्यक्षातले चक्र मात्र सुमारे चार वर्षांचे. ब्रिटनमधील डुकरांच्या बाबतीत रोनाल्ड कोस आणि फाउलर यांनी ही विसंगती १९३५ मध्येच दाखवून दिली होती. मेडोज यांनी नेमकी ती पकडली. भाव चढल्याची खात्री पटायला लागणारा वेळ, पैदाशीची क्षमता वाढवायला लागणारा वेळ, हे उशीर जमेस धरले की चार वर्षांचे चक्र उमटते. एवढ्यावर न थांबता तीच रचना त्यांनी गुरांना आणि कोंबड्यांनाही लावून पाहिली. रचना तीच, जीवशास्त्रीय उशीर निराळे, म्हणून चक्राचा काळ निराळा.

आम्ही याला आदर्श विषय म्हणतो. 'अमेरिकेतील पशुपालन व्यवस्था' असे त्याचे शीर्षक असते तर काहीच हाती लागले नसते. 'दोन ऐवजी चार वर्षे का?' या प्रश्नाने काम झाले.

मात्र आदर्शाची नक्कल करतानाही डोळे उघडे हवेत. आपल्याकडे हे वाचले की विद्यार्थ्याला हटकून लासलगावचा बाजार आठवतो. डुकराच्या जागी कांदा घातला की झाला विषय! पण कांदा वर्षातून तीन हंगामांत निघतो : खरीप, रांगडा आणि उन्हाळी. त्यातला उन्हाळी तेवढा चाळीत चार-सहा महिने टिकतो. अवकाळी पावसाने चाळीतला आणि शेतातला माल एका रात्रीत सडू शकतो. त्यात सरकारी निर्णय. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठवली. अशा ठिकाणी पहिला प्रश्न हा, की भावातील चढउतार आतून येतो की बाहेरून. प्रतिमानात पाऊस आणि निर्यातधोरण स्थिर ठेवून पाहावे. तरीही लागवड आणि भाव हेलकावत राहिले, तर विषय आपल्या शाखेचा आहे. रेषा सपाट झाली, तर चढउतारांचे मूळ बाहेर आहे आणि संख्याशास्त्राची वाट धरणे बरे. त्यात कमीपणा काही नाही. हत्यार कामाप्रमाणे निवडावे. हातात आहे म्हणून ते कुठेही चालवू नये.

एका प्रसिद्ध पुस्तकाचे ऋण आणि उपद्रव

आता मोठ्या ग्रंथांकडे वळू. १९६९ चे फॉरेस्टर यांचे 'अर्बन डायनॅमिक्स' बोस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून निघाले. प्रश्न चांगला होता : शहर सुधारण्यासाठी केलेले उपायच शहराला अधिक खालावतात, असे का घडते? पण प्रतिमानाची सीमा शहराच्या वेशीशी संपत होती. बाहेर होते ते एक अमर्याद 'भोवताल', जिथून माणसे येत आणि जिथे जात. उपनगरे प्रतिमानात नव्हती. स्वस्त घरे बांधल्याने शहराची कुंठितावस्था वाढते, हा त्यातील निष्कर्ष गाजला आणि त्यावर टीकाही झाली. टीकेचे एक मूळ या सीमेत आहे. काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, इथेच निम्मे उत्तर ठरून जाते, हे विद्यार्थ्याने इथून शिकावे.

त्यानंतर १९७० च्या उन्हाळ्यात क्लब ऑफ रोमच्या बैठकीहून परतताना फॉरेस्टरनी संपूर्ण जगाच्या प्रतिमानाचा आराखडा केला. १९७१ मध्ये 'वर्ल्ड डायनॅमिक्स' आले. त्याच्या पुढची पायरी म्हणजे डोनेला मेडोज, डेनिस मेडोज, योर्गन रँडर्स आणि विल्यम बेहरेन्स यांचे १९७२ चे 'द लिमिट्स टु ग्रोथ'. लोकसंख्या, शेती, उद्योग, न संपूर्णपणे भरून येणारी साधनसंपत्ती आणि प्रदूषण या पाच अंगांनी जगाचा विचार करणारे हे पुस्तक जगभर वाचले गेले. त्यावर तुटूनही पडले गेले. १९७३ मध्ये ससेक्स विद्यापीठातील गटाने त्याच्या गृहीतकांची झाडाझडती घेतली. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहॉस यांनी फॉरेस्टर यांच्या जगाच्या प्रतिमानावर आक्षेप घेतला, की त्यातले संबंध प्रत्यक्ष आकडेवारीवर घासून पाहिलेले नाहीत.

पुढे काय झाले? २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रॅहॅम टर्नर यांनी तीस वर्षांची आकडेवारी त्या वक्ररेषांवर ठेवून पाहिली, तेव्हा 'आहे तसेच चालू राहिले तर' या आलेखाशी ती बऱ्यापैकी जुळली. गया हेरिंग्टन यांनी नंतर पुन्हा अशीच तुलना केली व ती २०२१ च्या सुमारास गाजली. पण इथे घाईने टाळी वाजवू नये. पुस्तकातील निरनिराळे आलेख २०२० च्या आसपासपर्यंत एकमेकांपासून फारसे फुटतच नाहीत. म्हणजे आजवरची आकडेवारी जुळली याचा अर्थ पुढची घसरण ठरलेलीच आहे असा होत नाही. लेखकांनीही हे भाकीत आहे असे कधी म्हटले नव्हते.

आमच्या मते या पुस्तकाचा गाभा फार छोटा आणि फार भक्कम आहे. वाढ घातांकी असेल, मर्यादा ठाम असेल आणि मर्यादेची जाणीव होऊन पावले उचलायला उशीर लागत असेल, तर व्यवस्था मर्यादा ओलांडून पुढे जाते व मग खाली येते. हे तीन-चार चलांनी दाखवता येते. पुस्तकाची ताकद या प्रश्नात आहे. वाचकांच्या मनावर ठसला मात्र त्याचा आकार. पान भरून पसरलेली ती बाणांची आकृती पाहून पिढ्यान् पिढ्यांचे विद्यार्थी असे समजले, की मोठे प्रतिमान म्हणजे मोठे काम. त्यामागे डझनाहून अधिक संशोधकांचा चमू होता आणि प्रतिमानाचा संपूर्ण तांत्रिक अहवाल यायला १९७४ साल उजाडले, हे कोणी ध्यानात घेत नाही. एकट्या विद्यार्थ्याच्या हाती असते एक वर्ष. त्यातले चार महिने अभ्यासक्रमाच्या परीक्षा खातात.

आमची चूक

आता आमच्याकडे. काही वर्षांपूर्वी एका कोरडवाहू तालुक्यातून आलेली विद्यार्थिनी विषय विचारायला आली. तिच्याकडे टंकलिखित शीर्षक नव्हते. ती म्हणाली, "सर, आमच्या विहिरीला आधी मे महिन्यापर्यंत पाणी असायचं. आता फेब्रुवारीतच तळ दिसतो. पाऊस तर तेवढाच पडतो, आम्ही शाळेतल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी पाहिल्यात. मग असं का होतं, यावर करता येईल का?"

आम्ही काय उत्तर दिले ते आजही आठवते. "हा विषय फार लहान आहे. जिल्हा घे. पाणी, शेती, लोकसंख्या, स्थलांतर, सगळे येऊ दे."

तिने तसे केले. वर्षभर राबून जवळजवळ शंभर चलांचे प्रतिमान तयार केले. पाण्याच्या जागी 'जल-उपलब्धता निर्देशांक' आला, कारण जिल्हाभरच्या विहिरींचे पाणी एका आकड्यात बसवायचे तर दुसरा उपाय नव्हता. रंगीत आलेख निघाले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला : "हा निर्देशांक २०३५ नंतर खाली वळतो, तो कोणत्या वर्तुळामुळे?" तिला सांगता आले नाही. आम्हालाही आले नसते. दुसरा : "तुमच्या गावच्या विहिरीबद्दल हे प्रतिमान काय सांगते?" ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "काहीच नाही, सर."

प्रबंधाला प्रथम श्रेणी मिळाली. त्या वर्षभरात तिच्या घरच्यांनी कर्ज काढून बोअर घेतले होते, हे आम्हाला नंतर कळले. तिचा प्रश्न वेळीच नीट हाताळला असता तर ते कर्ज टळले असते, असा दावा आम्ही करत नाही. पण ज्या निर्णयाबद्दल त्या घराला विचार करायला हवा होता, त्या निर्णयावर आमच्या विभागाने वर्षभरात एक अक्षरही उच्चारले नाही, हे खरे आहे.

विहिरीचे गणित

तो 'लहान' विषय किती मोठा होता, हे आता फळ्यावर मांडून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण दख्खनच्या काळ्या खडकाला शोभतील असे आहेत.

बेसाल्ट हा कठीण खडक. त्याच्या झिजलेल्या व भेगाळलेल्या थरातले जे पाणी उपसून काढता येते, ते एकूण घनफळाच्या जेमतेम १ ते ३ टक्के असते. नदीकाठच्या वाळूत हा वाटा कित्येक पट असतो. आपण २ टक्के धरू. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या प्रारंभी, विहिरीच्या परिसरात ६ मीटर जाडीचा थर पाण्याने भरला आहे. म्हणजे प्रत्यक्ष पाणी ६ मीटरच्या २ टक्के, अर्थात १२० मिलिमीटर. एका हेक्टरखाली हे १२ लाख लिटर होते. हा झाला साठा.

परिसरातील सगळे पंप मिळून महिन्याला १५ मिलिमीटर उपसतात असे धरा. १२० ला १५ ने भागले की ८ महिने. ऑक्टोबर ते मे. आता पंप वाढून उपसा दुप्पट, ३० मिलिमीटर झाला. चार महिने पुरले. जानेवारीअखेर साठा संपला. फेब्रुवारीत तळ दिसला. पाऊस तेवढाच, भरणही तेवढेच. मुलीचे निरीक्षण बरोबर होते आणि त्याचा पहिला उलगडा पाचवीच्या भागाकाराने होतो.

पण प्रबंध इथून पुढे सुरू होतो. उपसा दुप्पट का झाला, आणि तळ दिसल्यावर पुढे काय होते? इथे दोन वर्तुळे आहेत. पहिले संतुलन राखणारे : पाणी लवकर संपते, म्हणून शेतकरी पुढच्या वर्षी कमी पाण्याचे पीक घेतो, उपसा घटतो. दुसरे वाढवत नेणारे : पाणी लवकर संपते, म्हणून तो विहीर खोल करतो किंवा बोअर घेतो; कर्ज फेडायचे म्हणून नगदी पीक घेतो; उपसा वाढतो; शेजाऱ्याचीही विहीर आटते आणि तोही बोअर घेतो. त्यात जिथे विजेचे बिल युनिटवर नसून पंपाच्या अश्वशक्तीवर ठरते, तिथे आणखी एक तास पंप चालवण्याचा खर्च शून्य. आपण नाही उपसले तर शेजारी उपसेल, ही भीती निराळीच. कोणत्या परिस्थितीत पहिले वर्तुळ जिंकते आणि कोणत्या परिस्थितीत दुसरे? पहिला बोअर पडल्यापासून किती वर्षांत गाव परत न फिरण्याच्या टोकाला पोचते? पाणलोटाची कामे करून भरण वाढवले आणि उपशावर बंधन नसले, तर मिळालेले जादा पाणी नव्या पंपांनाच जाते काय?

हे प्रश्न एका गावाचे नाहीत. आणि त्यांना लागणारी माहिती हाताशी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पाऊस तालुक्याला नोंदला जातो. पिकांची नोंद तलाठ्याकडे. बोअर केव्हा घेतला, का घेतला, कोणाचे पाहून घेतला, हे चावडीवर बसून विचारता येते. फॉरेस्टर नेहमी बजावत, की निर्णय कसे घेतले जातात याची सर्वाधिक माहिती कागदांवर नसून माणसांच्या डोक्यांत असते. वीस-पंचवीस समीकरणांत हे सारे मावते. आणि ते चूकही ठरू शकते : नोंदींतल्या मे महिन्याच्या पातळ्या प्रतिमानाशी जुळल्या नाहीत, तर रचना बदलावी लागेल.

विषय घेण्यापूर्वी

इतके सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांसाठी चार कसोट्या सुचवतो.

एक : विषयाची वक्ररेषा हाताने काढा. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर मोजता येणारी राशी, एककासह. 'शाश्वतता' मोजता येत नाही. मे महिन्यातील पाण्याची पातळी मोजता येते. रेषा काढता आली नाही, तर विषय अजून मिळालेला नाही.

दोन : ही रेषा कोणाला छळते आणि तो काय करू शकतो, ते एका वाक्यात लिहा. प्रतिमानातला निर्णय घेणारा माणूस तुम्हाला भेटता आला तर उत्तम.

तीन : बाहेरचे सगळे घटक स्थिर ठेवले तरी ही वागणूक उरेल, असे तुम्हाला का वाटते? तुमचा संशय कोणत्या वर्तुळावर आणि कोणत्या उशीरावर आहे? संशय चुकीचा निघाला तरी हरकत नाही, पण तो आधी कागदावर हवा.

चार : कोणती नोंद मिळाली तर तुम्ही आपले प्रतिमान टाकून द्याल? याला उत्तर नसेल, तर तुमच्या हाती प्रतिमान नसून सजावट आहे.

प्रश्नाचे प्रतिमान करा, व्यवस्थेचे नको, असा या शाखेच्या शिक्षकांचा जुना उपदेश आहे. तो पाळणे मात्र दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे, कारण साधने सोपी झाली आहेत. एके काळी 'डायनॅमो' या भाषेत एकेक समीकरण लिहावे लागे, तेव्हा प्रत्येक नव्या चलाला कष्टाची किंमत होती. आज व्हेन्सिमसारख्या कार्यप्रणालीची शैक्षणिक आवृत्ती मोफत मिळते आणि माऊसच्या एका टिचकीने नवे चल येऊन बसते. म्हणून आम्ही आता विद्यार्थ्यांना पहिले दोन महिने संगणक उघडू देत नाही. वही, रकाने आणि पेन्सिल. हाताने भरलेल्या रकान्यांत जे चल निरुपयोगी असते, ते आपोआप गळून पडते.

मार्गदर्शकांनीही एक पथ्य पाळावे. विद्यार्थी लहान प्रश्न घेऊन आला तर तो मोठा करू नये, खोल करावा. आम्ही हे उशीरा शिकलो आणि आमच्या शिकण्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी भरली.

शाळेतील शिक्षकांना हे सारे पदव्युत्तर वर्गाचे वाटेल. पण ही सवय लागते ती शाळेत. विज्ञान प्रदर्शनात 'पर्यावरण वाचवा' या नावाची प्रतिकृती मांडण्याऐवजी, शाळेच्या आवारातल्या किंवा जवळच्या विहिरीची पातळी दर शनिवारी दोरीने मोजून वहीत लिहायला मुलांना सांगावे. ऑक्टोबर ते मे, तीस-पस्तीस नोंदी होतील. शेजारी पावसाचा आकडा आणि चालू पंपांची संख्या लिहावी. वर्षाच्या शेवटी ती रेषा फळ्यावर काढून विचारावे : ही अशी का वळली? आमच्या त्या विद्यार्थिनीला हा प्रश्न शाळेतल्या पर्जन्यमापकामुळेच सुचला होता. शाळेने तिला प्रश्न दिला होता. तो बाजूला ठेवायला आम्ही शिकवले. पुढच्या वर्षी असा एखादा विद्यार्थी दारात उभा राहिला, तर त्याला आम्ही आधी खुर्ची देऊ, मग कोरा कागद देऊ आणि म्हणू, "तुझ्या विहिरीची रेषा काढून दाखव."